गोळीचा राग आणि माझा

१२ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. परवा फोनवर तू तुझ्या शाळेतल्या तपासणीची गोष्ट सांगत होतीस आणि मी मध्येच गप्प झाले. तुला वाटलं मी रुसले. मी झोपले होते. उभ्याने. म्हणून आता लिहायचं ठरवलंय. झोप लागली तर पेन खाली पडेल, एवढंच.

दादाने तुला मला चक्कर आली असं सांगितल्याचं आईकडून कळलं. चक्कर नव्हती ताई, फीट होती. पोहण्याच्या तलावावर टॉवेलांच्या घड्या घालत होते, त्यानंतरचं मला काही आठवत नाही. जीवरक्षकाने नंतर सांगितलं की मी ताठ झाले, पडले, हातपाय झटकले आणि जीभ चावली. त्याने मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारले आणि तोंडात काही घालू पाहणाऱ्या सगळ्यांना हाकललं. त्याच्या महिनाभर आधी घरी न्हाणीत पडले होते, तेही घसरून नव्हे, ती फीटच होती, असं डॉक्टरबाईंना वाटतं. मेंदूचा आलेख काढला, फोटो काढला. आजाराचं नाव अपस्मार. मी ते मोठ्याने म्हणून बघितलं. काही होत नाही म्हटल्याने.

गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. घेतली की जमीन गादीसारखी लागते. जिना उतरताना पायरी आहे की नाही याची खात्री पायाला पटत नाही. परवा चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पिऊनही टाकला, अर्ध्यावर आल्यावर कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की शरीराला सवय होईपर्यंत असं होतं, बरंचसं आपोआप ओसरेल. आणखी बरंच काही म्हणाल्या, पण मी तेव्हा पेंगत होते आणि दादा बाहेर फोनवर होता. दोन गोष्टी मात्र पक्क्या ऐकल्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि झोप मोडायची नाही, कारण झोप मोडणं हे या आजाराला खतपाणी आहे.

आता तूच सांग. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला रात्रीतून चार वेळा उठवून धरून न्यावं लागतं. झोप काय मी तलावावर काढू?

पाण्यात उतरायचं सध्या बंद. काठावर उभी राहून शिकवते, पाण्यात दुसरी शिक्षिका असते. बदक काठावर बसवल्यासारखं वाटतं. भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, आणि माझं पत्र मध्येच तुटलं तर मी झोपले असं समज.

तुझी,
गोगा


१९ मार्च

चि. गोगास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून वाचलं आणि नंतर वह्या तपासता आल्या नाहीत. मी मोठी बहीण, आणि मला चक्कर म्हणून सांगितलं जातं. दादाला मी जाब विचारला. तो म्हणाला, की फीट म्हटलं की लोक भलतंसलतं बोलतात, तुझी नोकरी जाईल, म्हणून त्याने सौम्य शब्द वापरला. त्याचा हेतू वाईट नसावा. पण सौम्य शब्दाने जीभ चावली जात नाही, हेही मी त्याला सुनावलं.

न्हाणीला आतून कडी लावू नकोस. गॅसजवळ एकटी उभी राहू नकोस. आईला रात्री उठवायला एखादी बाई ठेवता येईल का, विचार कर. आई परक्या बाईला हात लावू देणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सुचवते. मला इथून दुसरं सुचत नाही आणि शाळा सोडून येताही येत नाही, याची मलाच चीड येते.

मीठ घातलेला चहा अर्धा पिऊन झाल्यावर उरलेला का प्यायलीस, ते मात्र कळव. आमच्या गोगलगाईलाच असं जमतं. समोर येईल ते निमूट गिळायचं. सुट्टी लागली की येतेच. तोवर माझी माया टपालाने घेत जा.

तुझी,
ताई


८ एप्रिल

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

झोप ओसरली. डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं. पण ती जाताना जागा रिकामी ठेवून गेली नाही. तिथे राग येऊन बसलाय.

हा माझ्या ओळखीचा राग नाही. दूध उतू जातं तेव्हा निदान आधी वर येताना दिसतं, फुंकर मारता येते. याला तेवढीही सवड नाही. दार लागलं नाही, राग. शेजारच्यांनी खुर्ची ओढली, राग. आईने मला हाक मारून मग कशाला मारली ते आठवत बसली, आणि मी तिच्यावर अशी ओरडले की ती काठी घेऊन एकटीच उठायला लागली. मग मी न्हाणीत जाऊन रडले. कडी न लावता, तू सांगितलंस म्हणून.

रविवारी दादा आणि वहिनी आले. दादाने खुर्चीत बसल्या बसल्या माझं आयुष्य लावून दिलं. तलावावरची नोकरी सोडायची, पाण्याजवळ उगाच धोका नको. घरी राहायचं, तसंही आईला पूर्ण वेळ माणूस लागतंच. कोणी विचारलं तर अशक्तपणा आहे म्हणायचं. हे सगळं तो टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बोलत होता. मी त्याच्या हातून रिमोट घेतला आणि भिंतीवर मारला. बॅटऱ्या कपाटाखाली गेल्या.

आणि मग मी बोलले. म्हटलं, आई माझ्या एकटीची नाही. ती पडल्यापासून तू एकदाही रात्री इथे राहिला नाहीस. वर्षातले निम्मे महिने आई तुझ्याकडे राहील आणि रात्री तू उठशील, वहिनी नाही, तू. नोकरी मी सोडणार नाही. आणि जे झालं त्याला फीट म्हणतात, ते तू माझ्यासमोर म्हण. तो म्हणाला नाही. वहिनी हळूच त्याला म्हणाली, की अशा गोळ्यांनी माणूस चिडकं होतं, तिने कुठेतरी वाचलंय. ताई, दादाच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली, की जणू डॉक्टरने त्यालाच घरी सोडलं. मग तो माझ्याशी गोड बोलायला लागला, तापात बरळणाऱ्याशी बोलतात तसा. मला रिमोटपेक्षा जड काहीतरी हवं होतं.

वाक्यं माझी होती, श्रेय गोळीला गेलं.

पण एक सांगते, कारण ते गिळून चालणार नाही. माझ्याकडे एक कॅशियरबाई शिकायला येतात. निवृत्त झाल्या, बासष्टीच्या आहेत. लहानपणापासून पाण्याची भीती. उथळ बाजूला कठडा धरून उभ्या राहतात आणि पाण्यात तोंड घालायची वेळ आली की कठड्यालाच मिठी मारतात. मंगळवारी मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, की एवढ्या वेळात दगडसुद्धा तरंगायला शिकला असता. त्या पाण्यातून वर आल्या. टॉवेल घेतला आणि गेल्या. याची मला फार लाज वाटते.

लहानपणी दादा म्हणायचा, गोगलगाय नि पोटात पाय. आता पाय बाहेर आलेत, पण कुठे पडतात ते मलाच कळत नाही. लोभ असावा. रागाची चिंता नको, तो इथे मुबलक आहे.

तुझी,
गोगा


१० एप्रिल

ती. ताईस,
सा. नमस्कार.

ऑफिसातून लिहितोय, घरी हा विषय नको वाटतो. गोगाचा प्रकार तुझ्या कानावर आला असेलच. तिने रिमोट फोडला याचं मला काही नाही, वस्तू आहे. पण तिने जे तोंड सोडलं ते ऐकून मी थक्क झालो. आजवर तिने मला उलट शब्द दिलेला नाही. आपल्या तिघांत समंजस कोण, तर ती.

हे सगळं गोळीमुळे आहे याबद्दल माझी खात्री झाली आहे. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रुग्णाबद्दल त्या तिच्या परवानगीशिवाय माझ्याशी बोलणार नाहीत, तिलाच लवकर पाठवा. हल्ली भावाला काही किंमत नाही. माझं मत असं, की ही गोळी आधी बंद करावी. फीट काय, दोनदाच आली आहे. बघ, लिहिताना मी तो शब्द लिहिला. बोलताना जमत नाही, त्याला मी काय करू? ती तिथे टॉवेलांवर पडली होती हे मला त्या जीवरक्षकाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसलो होतो आणि मला उठता येईना.

आईचं म्हणशील तर ती तिच्या घरात सुखी आहे. आमच्याकडे तिसरा मजला. गोगा मूळपदावर आली की तिला स्वतःलाच वाईट वाटेल. तू मोठी आहेस, तिला माफी मागायला सांग, म्हणजे विषय मिटेल. मी मनात ठेवणार नाही. तब्येतीला जप. कृपा आहेच.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

चि. गोगास,
अनेक आशीर्वाद.

दादाचं पत्र आलं. तो तुला गोळी बंद करायला सांगेल. करायची नाही. एकदम बंद केली तर फीट आधीपेक्षा जोरात येऊ शकते, हे मी आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारून घेतलंय. रागाचं औषध डॉक्टरकडे माग, कचऱ्याच्या डब्याकडे नको. पत्र मिळाल्या मिळाल्या जा. रागाबरोबर उदासही वाटत असेल, नकोसं वाटत असेल, तर तेही सांग. माझ्यापासून लपव हवं तर, त्यांच्यापासून नको.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. दादाची माफी मागून टाक. तू म्हणालीस ते चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तो भित्रा माणूस आहे. तुझ्या आजाराला तो घाबरलाय आणि घाबरलेला माणूस हुकूम सोडतो. एक शब्द टाकलास तर त्यालाही खाली उतरायला पायरी मिळेल. त्या कॅशियरबाईंची मागशीलच, ती तुझ्या स्वभावात आहे.

सांभाळ गं. रिमोटशिवाय तुमच्या घरी बातम्या कशा लागतात?

तुझी,
ताई


२ मे

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच एक मूर्खपणा करून बसले होते. दादा म्हणाला म्हणून नव्हे, त्याच्या नाकावर टिच्चून मी स्वतःच ठरवलं, की मला असं वागायला लावणारी गोळी नकोच. गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली. दिवसभर घेतली नाही. दुसऱ्या सकाळी हात आपोआप झटकला आणि कप उडून फरशीवर फुटला. आईने माझ्याकडे बघितलं. मी डब्यातून पाकिटं काढली, पुसली आणि गोळी घेतली. मग सरळ डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, या औषधाने काहींचं असं होतं, तुम्ही पहिल्या नाही, हे मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. मी सांगितलं की मी पेंगत होते. जीव द्यावासा वाटतो का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी म्हटलं, नाही, घ्यावासा वाटतो, विशेषतः एकाचा. त्या हसल्या नाहीत. पुन्हा विचारलं. मग मीही नीट उत्तर दिलं. तसं वाटत नाही ताई, खरंच नाही.

औषध बदलायचं ठरलं. पण एकदम नाही. नवीन गोळी अगदी थोड्या प्रमाणापासून सुरू करून हळूहळू वाढवायची, मग जुनी हळूहळू उतरवायची. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी कळवायचं. आठवडे जातील. तोवर हा राग घरात पाहुणा आहे असं समजून राहायचं.

निघताना मी विचारलं, की भावाला मी जे बोलले ते गोळी बोलली की मी? त्या म्हणाल्या, गोळी आवाज चढवू शकते, रिमोट फेकायला लावू शकते. शब्द कुठून आले हे सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. ते तुम्हालाच ठाऊक.

मला ठाऊक आहे. म्हणून मी वाटणी केली. रिमोट गोळीचा. आईवर ओरडले ते गोळीचं, तिची माफी मागितली. कॅशियरबाईंना म्हणाले ते गोळीचं असो की माझं, चूकच होतं. त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला आत घेतलं नाही. दारातच उभं ठेवून म्हणाल्या, की नोकरीभर खिडकीपलीकडून लोक ओरडले, पण घरी माफी मागायला कोणी आलं नव्हतं. तरी तुमचा आवाज उतरेपर्यंत मी येणार नाही. दार लावलं. मला ते बरोबर वाटलं.

दादाची माफी मात्र मागणार नाही. रिमोट नवा आणून देईन म्हटलं तर आमच्याच घरचा आहे. तू म्हणतेस त्याला पायरी दे. ताई, आजवर मीच पायरी होते. सगळे माझ्यावरून चढले-उतरले. तू रागावशील, तर राग. एकाच घरच्या दोघी चिडलेल्या, शोभून दिसू. माया पातळ करू नकोस.

तुझी,
गोगा


२७ जुलै

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुट्टीत येऊन गेलीस त्यानंतरचं सांगते. जुनी गोळी पूर्ण उतरली. नवीन अंगाला लागली, पुरळ नाही. केस थोडे गळतात आणि संध्याकाळी डोकं जरा गरगरतं, बाकी काही नाही. मध्ये एकदा फीट आली. स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना. कपाळाला टाके पडले. डॉक्टरबाईंनी प्रमाण वाढवलं आणि विचारलं, की झोप कशी चाललीय. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, गोळीने सगळं होणार नाही.

राग गेला. एका सकाळी दार वाऱ्याने आपटलं आणि मी नुसतं उठून लावलं, तेव्हा कळलं.

दादाला ही बातमी वहिनीकडून लागली. रविवारी खुशीत आला. मला जवळ बसवून म्हणाला, आता बरं वाटतंय ना, झालं गेलं विसरू. मी त्याला पाणी दिलं. समोर बसले. आणि म्हटलं, दादा, वर्षातले निम्मे महिने आई तुझ्याकडे राहील. रात्री तू उठशील. नोकरी मी सोडणार नाही. मला फीट येतात, आणि आताही आली होती, म्हणून हे टाके.

एकेक शब्द तोच, ताई. आवाज इतका खाली होता की त्याला पुढे वाकून ऐकावं लागलं. पहिल्यांदा मी ओरडले तेव्हा तो घाबरला नव्हता. या वेळी घाबरला. वहिनीकडे बघायला लागला, पण तिने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली होती. मग तो उठून गेला. अजून फोन नाही.

आई हे सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे पेन मागितलं. कोणाला लिहितेस म्हटलं, तर म्हणाली, तुझं काम तू केलंस, आता मधे पडू नकोस. ताई, जपून राहा, आणि लोभाचा हप्ता चुकवू नकोस.

तुझी,
गोगा


२८ जुलै

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पंचेचाळिशीचा झालास तरी मी तुला बाळच म्हणते, तिथेच चुकतं बहुतेक. हात कापतो, अक्षर लावून वाच.

तुम्ही माझी वाटणी केलीत, मला कोणी विचारलं नाही. निम्मे महिने इकडे, निम्मे तिकडे, मी काय पलंग आहे? तिच्यावरही मी यासाठी चिडले आहे, तिला तसं सांगितलं. पण ती बटाट्यांमध्ये पडली तेव्हा मी खुर्चीत होते. मला उठता आलं नाही. काठीने भिंत ठोकून शेजाऱ्यांना बोलावलं. ते येईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसले. तू बघितलेलं नाहीस, म्हणून तुला शब्द अवघड जातो. मला आता जात नाही. तिला फीट येते, आणि मी तिला झोपू देत नाही.

म्हणून मीच ठरवलं. एक तारखेला मला न्यायला ये. तिसरा मजला आहे हे मला माहीत आहे, दोन माणसं बोलाव आणि खुर्चीतून चढव. रात्री मी तुलाच हाक मारणार. सून दिवसभर काम करते, तिला उठवलंस तर मी उठणार नाही, मग गादीचं काय होईल ते बघ. तुझ्या लहानपणी मी तुझ्यासाठी किती वेळा उठले ते मोजलं नव्हतं, तूही मोजू नकोस.

ती लहानपणी रडायचीसुद्धा हळू. मला तेव्हा सोयीचं वाटलं. ती रिमोट फेकून बोलली त्या दिवशी मला भीती वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही सांगते.

सुनेला आशीर्वाद.

तुझी,
आई


२० ऑगस्ट

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

आई दादाकडे गेली. खुर्चीतून तीन मजले चढताना प्रत्येक मजल्यावर तिने शेजाऱ्यांशी ओळख करून घेतली आणि धाकटीला फीट येतात म्हणून मी इकडे आले, असं सगळ्यांना सांगितलं. दादा खालच्या बाजूने खुर्ची धरून होता, त्याला तोंड लपवता आलं नाही. वहिनीने हे मला हसत हसत सांगितलं.

घर रिकामं वाटतं. पहिल्या काही रात्री मी सवयीने जागी झाले आणि तिच्या पलंगाकडे गेले. आता मात्र झोपते. अशी झोपते की सकाळी उशीवर माझ्या गालाचा साचा असतो. फीट नाही. पुन्हा येणारच नाही असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पाण्यात उतरायला अजून परवानगी नाही. मिळेपर्यंत काठावर उभी राहीन, पण तलाव सोडणार नाही. व्यवस्थापकाने मला लॉकरच्या खिडकीत बसायला सुचवलं. मी त्याला डॉक्टरबाईंचं पत्र दिलं आणि सांगितलं, की पाण्यात दुसरी शिक्षिका असताना काठावरून शिकवायला हरकत नाही असं त्यात लिहिलंय, आणि तुमचीही नसावी. शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगितलेलं लोकांना फार लागतं, हे मला उशिरा कळलं.

कॅशियरबाई परत आल्या. आल्या आल्या कान देऊन माझा आवाज तपासला, नाणं वाजवून बघतात तसा. मग पाण्यात उतरल्या. अजून तोंड घालत नाहीत. मी घाई करत नाही.

आणि मुख्य गोष्ट. आज सकाळी दादाचा फोन आला. आईची औषधं कुठल्या डब्यात असतात हे विचारायला. मी सांगत होते, तर तो मध्येच खेकसला, की सगळं एकदम नको सांगूस, डोकं बंद पडलंय, आई तासातासाला हाक मारते, जरा डोळा लागला की हाक, ऑफिसात सहकाऱ्यावर ओरडलो, घरात दाराला लाथ मारली, माणसाने किती सहन करायचं. मी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी काळजीने विचारलं, की दादा, तू कुठली गोळी सुरू केलीस का?

मग त्याने हळू आवाजात विचारलं, की तुला फीट परत तर आली नाही ना. तोच शब्द त्याने वापरला. मी नाही म्हटलं, आणि औषधांचा डबा पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगितला.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, आणि आता मी तो जागेपणी घेते.

तुझी,
गोगा